खाली म्हणजे कुठे

“मॅडम, माझा खाली गेला,” वॉकीटॉकीवर सुगंधा म्हणाली आणि मी फळ्यावरचं तिचं नाव पुसून टाकलं.

फळा म्हणजे शाळेत असतो तसाच, काळा, खडूचा. खाडीवर आणि पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मोबाईलची रेंज नव्हती, त्यामुळे तिथे उडणारे ड्रोन माझ्या पडद्यावर दिसत नसत. म्हणून पायलटने उडवण्याआधी आवाज द्यायचा, मी नाव लिहायचं. उतरवला की पुन्हा आवाज द्यायचा, मी नाव पुसायचं. नाव आहे तोवर ड्रोन हवेत, नाव नाही म्हणजे आकाश मोकळं. ही पद्धत मीच बसवली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

“मॅडम,” समोरच्या बाकावरून रुक्साना म्हणाली, “नाव का पुसलंत?”

“तुमचं इथे काम काय आहे, तेवढंच बोला.”

रुक्साना मुकादम, वय बत्तीस, आमच्या खाडीवरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली पायलट. तिची उडवण्याची परवानगी मी अकरा दिवसांपूर्वी काढून घेतली होती आणि ती परत मागायला ती त्या सकाळी माझ्यासमोर येऊन बसली होती. अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहून आणला होता. मी तो अजून उघडलाही नव्हता. त्या काळी मी नाकाने कांदे सोलत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मूळची परभणीची. हैदराबादला विमानवाहतुकीचं शिक्षण घेतलं आणि सुखवली खाडीच्या मुखाशी ड्रोनची वाहतूक सांभाळण्याचा जो सहा महिन्यांचा प्रयोग होता, त्यावर माझी नेमणूक झाली. कक्ष होता जुन्या तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या, कचेरीत. आकाशात माणसं कमी आणि यंत्रं फार, अशी तिथली तऱ्हा. बचत गटाच्या बायका हापूसच्या बागांवर फवारणी करायच्या, त्यांचे ड्रोन जमिनीपासून तीस मीटरच्या आत. तालुक्याच्या रुग्णालयातून खाडीपलीकडच्या आरोग्य केंद्राकडे औषधं नेणारा ड्रोन यायचा, त्याची वाट पाण्यापासून ऐंशी मीटर उंचीवर. शंभराच्या वर हेलिकॉप्टरांचा रस्ता, तिकडे आम्ही फिरकायचंसुद्धा नाही. ज्याने त्याने आपापल्या वाटेने जावं आणि कोणी कोणाला धडकू नये, हे बघणं माझं काम.

आणि अकरा दिवसांपूर्वी धडक होता होता राहिली होती. रुक्साना वॉकीटॉकीवर म्हणाली होती, “मॅडम, मी खाली जातेय.” मी म्हटलं, “जा.” तिचं नाव पुसलं आणि औषधाच्या ड्रोनला वाट दिली. तीन मिनिटांनी औषधाच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात रुक्सानाचा ड्रोन दिसला, पंधरा फुटांवर. तो उतरलेला नव्हताच.

मी तिला बोलावून ध्वनिमुद्रण ऐकवलं. एकदा नाही, तीनदा.

“ऐकलंत? खाली जातेय म्हणालात आणि गेला नाहीत.”

“ऐकलं की. मी खाली जातेय म्हणाले आणि खालीच गेले.”

“रुक्सानाताई, उघड्या डोळ्यांनी खोटं बोलताय.”

तिचे डोळे भरून आले होते, ती उठून निघून गेली. मी अहवालात लिहिलं, ‘पायलटने चुकीची माहिती दिली.’ वर पाठवला, परवानगी काढून घेतली आणि त्या रात्री निवांत झोपले.

तर त्या सकाळी सुगंधाचं नाव पुसून पाच-सहा मिनिटं झाली असतील. वॉकीटॉकी खरखरली. पुन्हा सुगंधाच, पण आवाज ओळखू येईना.

“मॅडम... फुरसं चावलंय. त्याच्यामागे पळत होते, गवतात पाय पडला... घोट्याला चावलंय मॅडम...”

सुगंधा भुवड म्हणजे सव्वीस वर्षांची हसरी मुलगी. सकाळी पहिला आवाज तिचा यायचा, “मॅडम, चहा झाला का?” म्हणून. फुरसं म्हणजे काय ते मला कोकणात येऊन महिन्याभरातच समजलं होतं. वीतभर साप, पण रक्त गोठणंच बंद करून टाकतो.

“बागेत कोण आहे?”

“बहादूर हाय. राखणदार. तो मोटरसायकल काढतोय.”

“पाय हलवू नकोस. केंद्रात जा. मी औषध पाठवते.”

पलीकडच्या केंद्रात डॉक्टर होते, पण सर्पदंशाचं औषध संपलेलं होतं. त्या आठवड्यात तीन रुग्ण येऊन गेले होते. खाडीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद, वळशाचा रस्ता दोन तासांचा, आणि खाडीला ऐन ओहोटी, होड्या चिखलात बसलेल्या. ड्रोन सात मिनिटांत जात असे. दुसरा विचार करण्याची गरजच नव्हती. मी तालुक्याला निनादला सांगितलं. निनाद हा औषधाच्या ड्रोनचा पायलट, पुण्याचा, कामाला चोख. सापांचा हंगाम म्हणून दहा बाटल्यांची पेटी त्याच्याकडे तयारच असायची.

“वाट मोकळी आहे?” त्याने विचारलं.

मी फळ्याकडे पाहिलं. सड्यावरचं एकही नाव नव्हतं. “मोकळी. निघ.”

“मॅडम,” रुक्साना उभी राहिली होती, “ती कोणाच्या मागे पळत होती?”

“काय?”

“सुगंधा. त्याच्यामागे पळत होते म्हणाली ना? कोणाच्या मागे?”

“ताई, मुलीच्या जिवावर बेतलंय आणि तुम्हाला चौकशा सुचताहेत!”

तेवढ्यात दाराशी हसनचाचा आले. हसनमियाँ होडेकर, आमचे पहारेकरी. पूल होईपर्यंत तरीची होडी त्यांनीच चाळीस वर्षं चालवली होती. धक्क्यावर बसून जाळं शिवत असायचे.

“मॅडम, कोणाचा तरी ड्रोन खाली चाललाय,” ते म्हणाले.

मी धावत बाहेर आले. त्यांनी हात लांब केला. खाडीच्या वळणावर, निळ्या आकाशात, माझ्या मानेला रग लागेल इतक्या उंचीवर एक ठिपका सरकत होता.

“कुठे खाली, चाचा? तो तर वर आहे!”

“वर?” चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मला उन्हाचा त्रास झाला असावा. “वर कसा? वर म्हणजे घाटाकडं. हा खाली चाललाय. दर्याकडं.”

चाचा समजूत घालावी तसे पुढे बोलत होते, “दर्याकाठची ती खलाटी, घाटाकडची ती वलाटी. मतलई वारा हाय ना सकाळचा, तो जमिनीवरचं सगळं खाली नेतो. वर कसा नेईल?”

माझ्या परभणीला जमीन तव्यासारखी सपाट. तिथे वर म्हणजे डोक्यावर आणि खाली म्हणजे पायाशी, तिसरा अर्थ नाही. इथे सगळी माणसं उतारावर जन्माला येतात. पूर्व आणि पश्चिम त्यांच्या तोंडात येतच नाही. घाट वर, समुद्र खाली.

सुगंधाचा ड्रोन उतरला नव्हता. बिघडून वाऱ्यावर समुद्राकडे निघाला होता, आणि तेच तिने मला सांगितलं होतं. मी उत्तरात नाव पुसलं होतं. मदत येत नाही म्हणून ती पोर एकटी त्याच्यामागे गवतातून धावत सुटली होती.

आणि रुक्साना. ती खाली जातेय म्हणाली होती आणि खालीच गेली होती.

मी मागे वळले. ती दारात उभी होती. मला म्हणायचं होतं बरंच काही, पण वेळ नव्हता, आणि तिलाही ते ऐकण्यात रस नव्हता. ती ठिपक्याकडे बघत होती.

“मॅडम, सडा पाण्यापासून सत्तर मीटर वर हाय,” ती म्हणाली. मग स्वतःच थबकली आणि म्हणाली, “उंच हाय. तिथून दहा मीटरवर उडवत होती. बिघडला की हा ड्रोन हाय ती पातळी सोडत नाय. म्हणजे आता पाण्यावर...”

“ऐंशी,” मी म्हटलं. औषधाची वाट ऐंशीवरच होती.

धावत आत जाऊन मी माईक उचलला. “निनाद, तुझ्या वाटेवर सुटलेला ड्रोन आहे. कुठे पोचलास?”

“खाडीला तीन मिनिटं. वरून काढू का?”

“नको.” शंभराच्या वर जायला बंदी, आणि सुटलेला नेमका ऐंशीवर आहे की नव्वदवर, हे डोळ्यांनी सांगणं शक्य नव्हतं. “तीस मीटरवर ये. त्याच्या पोटाखालून काढू.”

“तीसवर फवारणीवाले असतील ना?”

होते. खाडीच्या दोन्ही काठांच्या बागांवर चार जणी उडवत होत्या, त्यांची नावं फळ्यावर ठळक होती. चौघींना एकेक करून बोलवायचं, कोण कुठे आहे विचारायचं, दिशा सांगायची, ती समजली का ते पडताळायचं. माझ्या पुस्तकाप्रमाणे माणशी एक मिनिट. माझ्याकडे तीनच होती. आणि खरं सांगायचं तर माझ्याच तोंडच्या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला होता.

मी माईक रुक्सानापुढे धरला. “तुम्ही बोला.”

“माझी परवानगी...”

“ताई, बोला!”

तिने माईक घेतला, धक्क्यावर गेली आणि तिथून, अर्धी माईकमध्ये आणि अर्धी खाडीला ऐकू जाईल अशी, ओरडली, “ए पोरींनो, रुक्साना बोलतेय! सगळ्याजणी वर चला! हाय तशा, वर! कोणी खाली राहू नका! सुगंधाचं औषध येतंय!”

वाक्य संपायच्या आत चारही बागांवरचे चार ड्रोन तोंडं फिरवून घाटाकडे निघाले. एकीनेही “म्हणजे कुठे?” असं विचारलं नाही. मी आयुष्यात पुष्कळ वाहतूक हलवली आहे, पण चार यंत्रं एका शब्दावर अशी वळलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आणि त्याच क्षणी निनादचा आवाज आला, “ओके, वर जातोय.”

“तू नाही!” मी टेबलावरचा दुसरा माईक हिसकावून किंचाळले. “तू नाही, निनाद! उतर! आकड्यात ऐक. तीस. तीन आणि शून्य!”

“पण आत्ता वर म्हणाल्या...”

“ते वर तुझं नाही! तीस मीटर! परत बोल!”

“तीस मीटर. उतरतोय.”

तिथून पुढे आम्ही दोघी एकाच आकाशात दोन मराठी चालवत होतो. ती पोरींना वर-खाली सांगत होती, मी निनादला आकडे सांगत होते, आणि मध्ये चाचा कपाळावर हाताचा आडोसा धरून, पाण्यावर चाळीस वर्षं मुरलेल्या डोळ्यांनी सुटलेल्या ड्रोनवर नजर ठेवून होते.

“खाली चाललाय... अजून खाली... थांबला,” चाचा म्हणाले. “मतलई पडला, मॅडम. वाराच नाय.”

मी दारातून पाहिलं. ठिपका बरोबर खाडीच्या मधोमध, औषधाच्या वाटेच्या किंचित समुद्राच्या अंगाला टांगल्यासारखा उभा होता. आणि मग त्याच्या पोटातला लाल दिवा लुकलुकायला लागला.

“बॅटरी संपली,” रुक्साना म्हणाली. “आता आपोआप उतरणार तो.”

“खाडीवर आलो,” निनाद म्हणाला. “तीसवर आहे. समोर वरती लाल दिवा दिसतोय. अहो, तो माझ्याकडेच येतोय! थांबू का?”

थांब म्हणावं, तर औषध पाण्यावर लटकणार, आणि सुटलेला ड्रोन वाऱ्याने कुठे सरकेल ते सांगता येत नव्हतं. जा म्हणावं, तर दोन्ही ड्रोन पाण्यात आणि सुगंधा केंद्रात वाट बघत. परवानगी देण्या-नाकारण्याचा सगळा अधिकार माझा होता आणि मी पाहत होते त्या बाईकडे, जिला मी खोटारडी ठरवलं होतं.

रुक्सानाने चाचांकडे पाहिलं. “चाचा, दर्यावरचा खारा वारा कधी सुटेल?”

“पाच मिनिटं तरी नाय.”

मग ती माझ्याकडे वळली आणि तिने ते वाक्य उच्चारलं. अकरा दिवसांपूर्वी ते ऐकून मी तिला वेडी म्हटलं असतं.

“मॅडम, तो उतरेल, पण खाली नाय जायचा. वरही नाय यायचा. जाऊ द्या निनादला.”

मला त्यातला शब्द न् शब्द समजला. वारा नाही, म्हणून तो ना समुद्राकडे सरकणार ना घाटाकडे. जिथे आहे तिथेच सरळ उतरणार, आणि ते वाटेच्या बाहेर.

“निनाद,” मी म्हटलं, “थांबू नकोस. सरळ जा.”

“नक्की?”

“रुक्साना मुकादम सांगताहेत. जा.”

पांढरा ड्रोन पेटी पोटाशी धरून आमच्या डोळ्यांसमोरून गेला. लाल दिवा त्याच्या उजव्या अंगाने, मला तर हातभर अंतरावर वाटला, प्रत्यक्षात तीस-चाळीस मीटरवर असेल, सरळ रेषेत उतरत राहिला. दोघे एकाच उंचीवर आले तो क्षण मी पाहिला नाही. मी डोळे मिटले होते.

“गेला!” चाचा ओरडले. “आरपार गेला!”

सुगंधाचा ड्रोन ओहोटीच्या चिखलात अलगद बसला. बगळे तेवढे उडाले. आणि दोन मिनिटांनी निनादचा आवाज आला, “पेटी टाकली. डॉक्टरांनी हातात घेतली.”

रुक्साना मटकन खाली बसली. माझ्या अर्थाच्या खाली, जमिनीवर. मीही तिच्या शेजारी बसले. वॉकीटॉकीवर चारही पोरी एकदम ओरडत होत्या, कोणाचं काय चाललंय कळत नव्हतं, चाचा लुंगी सावरत धक्क्यावर नाचत होते, आणि मी, नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारी बाई, रडत होते आणि हसत होते.

“ताई, मी तुम्हाला खोटं ठरवलं,” मी म्हटलं.

“हां,” ती म्हणाली. “तीनदा ऐकवलंत.”

“आता काय करू?”

“सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला. ते सगळ्यांनी ऐकलं होतं ना.”

मी माईक घेतला आणि खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं बोलले. रुक्साना मुकादम खरं बोलल्या होत्या, चूक माझ्या कानाची होती, आणि त्यांची परवानगी या क्षणापासून परत. पलीकडून कोणीतरी म्हणालं, “आम्हाला माहीतच होतं मॅडम, पण तुम्ही विचारलं कुठे?”

दुपारी मी पहिला अहवाल मागे घेतला आणि दुसरा लिहिला, स्वतःच्या विरुद्ध. प्रयोग बंद पडेल अशी माझी खात्री होती. तो बंद पडला नाही, आणखी दोन वर्षांसाठी वाढला. नव्या नियमांत पहिलीच ओळ रुक्सानाने सांगितलेली आहे. दिशेला ‘घाटाकडे’ आणि ‘दर्याकडे’ म्हणायचं, उंचीला ‘चढ’ आणि ‘उतर’ म्हणायचं, आणि ‘वर-खाली’ घरी ठेवून यायचं. आज आमच्या जिल्ह्यात सव्वाशे पायलट तसं बोलतात आणि त्यांना शिकवते रुक्साना.

पण माझ्या लेखी ती गोष्ट संपली ती बाराव्या दिवशी. मधले दिवस सुगंधाचं नाव फळ्यावर होतं. पेटी पोचली त्या सकाळीच ते मी पुन्हा लिहिलं होतं, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत, आणि चाचांनी ते कोणाला पुसू दिलं नाही. झाडणाऱ्या बाईलासुद्धा तिथून हटकायचे.

बाराव्या दिवशी सकाळी वॉकीटॉकी खरखरली.

“मॅडम, चहा झाला का?”

मी वॉकीटॉकी रुक्सानापुढे धरली. रुक्साना म्हणाली, “झाला. तू उडवतेयस का?”

“तर काय! धुऊन-पुसून दिलाय ना चाचांनी.”

दहा मिनिटं मी, रुक्साना आणि चाचा फळ्याकडे बघत बसलो. मग तिचा आवाज पुन्हा आला, एकेक शब्द तोडून, माझी नक्कल करत, “मॅडम, माझा ड्रोन उतरला. जमिनीला टेकला. पंखे थांबले. मी त्याच्यावर हात ठेवून उभी आहे.”

आणि मग हसत म्हणाली, “आता पुसा.”